जमिनीवरचं विमान

आज सकाळी पडदा बाजूला केला तर समोरचा टॉवर जागेवर नव्हता. खालचे चार मजले तेवढे शिल्लक होते, वर नुसतं दुधट पांढरं. मोबाइलवर पोलिसांचा इशारा येऊन पडलेला : धुकं आहे, वाहनं सावकाश चालवा. शारजात थंडीच्या दिवसांत अशा काही सकाळी येतातच. समुद्राचा दमटपणा आणि वाळवंटातली गार हवा एकमेकांना भेटली की अल नहदातली ही सगळी उंच वस्ती हळूहळू पुसली जाते. एरवी आमच्या गॅलरीतून विमानं उतरताना दिसतात. धुक्यात फक्त त्यांचा आवाज येतो. वर कुठेतरी एक विमान आहे आणि ते घिरट्या घालतंय, एवढंच कळतं.

लोकांना धुकं आवडतं. ऑफिसच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडतो. मला मात्र गेल्या हिवाळ्यापासून धुकं दिसलं की कानात आमच्या मुलाचा, ईशानचा आवाज येतो, ‘राईट फूट, आई, राईट फूट.’

माझी नोकरी जबल अलीतल्या एका गोदामात, क्वालिटी विभागात. बाहेरच्या देशांतून आलेल्या खाद्यपदार्थांच्या पेट्या उघडायच्या आणि वर जे छापलंय तेच आत आहे ना, हे बघायचं. हे काम बरीच वर्षं केलं की नजर बदलते. पेटीचा एखादा कोपरा किंचित दबलेला दिसला, चिकटपट्टीच्या खाली जुन्या चिकटपट्टीची कड दिसली, की हात आपोआप तिकडे जातो. अशी नजर घरी आल्यावर बुटांसारखी दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. मेधा, म्हणजे माझी बायको, घरी आलेल्या पाहुण्यांना अजून सांगते, ‘आमच्याकडे आंबा कापला तरी आधी याच्याकडे पास व्हायला जातो.’

तर त्या हिवाळ्यात पहिली गोष्ट माझ्या नजरेत आली ती गाडीच्या पुढच्या बंपरवरची. डाव्या कोपऱ्याला बोटभर लांबीचा ओरखडा, आणि त्यात पिवळा रंग. मेधाला विचारलं तर म्हणाली, ‘शाळेच्या पार्किंगमध्ये कुणीतरी घासून गेलं असेल. मला आत्ता तूच दाखवतोयस.’

मेधा ऊद मेथातल्या एका भारतीय शाळेत गणित शिकवते. तिच्या शाळेचं पार्किंग मी पाहिलंय, उघड्यावर आहे. तिथे पिवळं काही नाही. पिवळे-काळे पट्टे आहेत ते आमच्या इमारतीच्या बेसमेंटमधल्या खांबांवर. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन खांब बघून आलो. आमच्या जागेसमोरच्या खांबाचा पट्टा एका ठिकाणी खरवडलेला होता, बरोबर बंपरच्या उंचीवर.

इमारतीच्या नातूरला, म्हणजे रखवालदाराला विचारलं. तो केरळचा, सगळ्या घरांच्या सगळ्या बातम्या त्याच्याकडे असतात. त्या दिवशी तो एकदम कामात गढून गेला. ‘मुझे क्या मालूम साब,’ म्हणाला, आणि मग दोन पावलं गेल्यावर वळून, ‘मॅडम को पूछो ना आप.’

मॅडमला काय विचारायचं? खोटं बोललेल्या माणसाला पुन्हा तोच प्रश्न विचारला की तो ते खोटं आणखी पक्कं करतो, हा गोदामातला अनुभव.

त्याच आठवड्यात हंगामातलं पहिलं दाट धुकं पडलं. मेधानं किल्ली माझ्या हातात ठेवली. ‘तू ने गाडी. मला भीती वाटते असल्या धुक्यात. मी मेट्रोनं जाते.’ ते पटण्यासारखं होतं. अल इत्तिहाद रोडवर धुक्यात गाडी चालवणं म्हणजे पुढच्याच्या लाल दिव्यावर श्रद्धा ठेवणं. पण दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, तरी किल्ली माझ्याकडेच राहिली. तिसऱ्या दिवशीही. टॅक्सीनं स्टेडियम स्टेशन, तिथून मेट्रो, मग चालत शाळा. जी बाई पंधरा वर्षं ‘माझी गाडी, माझा वेळ, कुणाची वाट बघायची गरज नाही’ म्हणत आली, ती आता मेट्रोत उभं राहून वह्या तपासायला लागली होती.

‘बरं पडतं गं?’ मी विचारलं.

‘मस्त पडतं. चालणं होतं.’

तिचं चालणंही मी बघत होतो. ती भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागली होती. घरातल्या घरात.

आणि मग ती खोली. ईशान इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेल्यापासून त्याची खोली बंदच असायची. त्याच्या टेबलावर त्याचं विमानाचं खेळणं तसंच मांडलेलं होतं. खेळणं म्हणणं त्याला आवडत नाही, सिम्युलेटर म्हणायचं. मोठा स्क्रीन, टेबलाला घट्ट बसवलेलं सुकाणू आणि खाली पायांजवळ दोन पेडल. बारावीत तो तासन्‌तास त्यावर असायचा आणि मेधा दारात उभी राहून ओरडायची. आता त्याच खोलीतून, दार लोटलेलं असताना, इंजिनाची घरघर यायला लागली.

पहिल्यांदा मी दार उघडलं तेव्हा मेधा दचकली. ‘काही नाही रे, सहज. ईशान म्हणाला होता बंद ठेवलं तर खराब होईल.’

स्क्रीनवर एक छोटं, एका पंख्याचं विमान होतं. शारजाचाच विमानतळ. काळ्या डांबरावर पिवळी रेघ, आणि त्या रेघेवरून ते विमान रांगत होतं. हो, रांगतच. एखादं मूल पहिल्यांदा चालताना इकडे तिकडे कलतं तसं. रेघेच्या डावीकडे जायचं, मग खूप उशिरानं उजवीकडे यायचं, मग पार पलीकडच्या गवतात.

‘उडव की,’ मी म्हणालो.

‘मला नाही उडायचं.’

‘मग विमान कशाला? गाडीचा गेम लाव.’

स्क्रीनवरून नजर न हलवता ती नुसती म्हणाली, ‘चहा ठेवतोस?’

मी चहा ठेवला आणि उकळणाऱ्या पाण्याकडे बघत विचार करत राहिलो. पन्नाशीला टेकलेली, गणित शिकवणारी बाई रोज शाळेतून आल्यावर विमानात बसते आणि कधीच उडत नाही. धावपट्टीच्या तोंडाशी जाते, थांबते, वळून परत येते. यामागे काय असेल? हिला परत भारतात जायचंय का? माझ्याबद्दल काही मनात आहे का? मला गोदामातल्या पेट्या सोप्या वाटायला लागल्या. त्यांना निदान चिकटपट्टी असते.

शुक्रवारी आमचं ऑफिस लवकर सुटतं. त्या शुक्रवारी रस्ताही मोकळा मिळाला. दार उघडून आत पाऊल टाकलं तर खोलीतून पुरुषाचा आवाज. इंग्रजी, खालच्या पट्टीतला, अगदी मायेचा. ‘ईझी... ईझी... व्हेरी गुड.’ आणि मेधाचं हसणं. कितीतरी दिवसांत न ऐकलेलं.

मी पॅसेजमध्येच थांबलो. बूट काढायचेही राहिले. या खेळात म्हणे जगभरातली माणसं विमानतळाचा टॉवर चालवतात, बोलतात, सूचना देतात. ईशाननंच कधीतरी सांगितलं होतं. असेल कुणीतरी. बाजूच्या टॉवरमधला असेल, नाहीतर कुठल्या दूरच्या देशातला. माझ्या हातातल्या किल्ल्या वाजल्या, आणि आतला आवाज तोडल्यासारखा बंद झाला.

‘आलास?’ मेधा बाहेर आली. चेहऱ्यावर घाम. एसी चालू होता.

‘कोण होतं?’

‘कुणी नाही. गेमचाच आवाज.’

गेमचा आवाज कुणाला व्हेरी गुड म्हणतो का, हे मी विचारलं नाही. जेवताना आम्ही दोघंही भाजीत मीठ जास्त झालंय का यावर खूप वेळ बोललो.

रविवारी ती मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेली. मी ईशानच्या खोलीत जाऊन बसलो. खेळायला नाही, तपासायला. यंत्र सुरू केलं. तेच विमान, तीच पिवळी रेघ. इंजिन वाढवलं, विमान हललं, वळण आलं. मी गाडीचं वळवतो तसं सुकाणू उजवीकडे फिरवलं. काही झालं नाही. पंखांवरच्या पट्ट्या वरखाली झाल्या, विमान सरळच गेलं, गवतात घुसलं. पुन्हा केलं, पुन्हा गवत. हातात एवढं मोठं चाक आहे आणि ते काहीच ऐकत नाही, याचा मला रागच आला. मग लक्षात आलं, मेधाचे हात तर नेहमी मांडीवर असतात.

टेबलाखाली वाकून बघितलं. दोन्ही पेडलांवर काथ्याचे तुकडे चिकटवलेले होते. दाराबाहेरचं जुनं पायपुसणं गेल्या महिन्यात नाहीसं झालं होतं, ते इथे होतं. नीट कापून, कडा शिवून लावलेलं. उजव्या पेडलावर दुहेरी.

मी मोजे काढून पाय ठेवले. काथ्या तळव्यांना चांगलाच टोचला. उजवं पेडल दाबलं, विमान उजवीकडे वळलं. डावं दाबलं, डावीकडे. वरचा भाग अंगठ्यांनी दाबला, थांबलं. जमिनीवर असेपर्यंत हे विमान पायांनी चालतं. हात लागतात ते पुढे, हवेत गेल्यावर. म्हणजे मेधाला न उडता फक्त जमिनीवर राहायचं होतं, कारण तिला पायांचं काम हवं होतं. आणि टोचणारा काथ्या कुणाला हवा असतो? ज्याच्या तळव्यांना साधा स्पर्श कळत नाही त्याला. आत्तापर्यंत जे सगळं एका दिशेनं बोट दाखवत होतं, ते आता दुसरीकडेच दाखवायला लागलं, आणि ही दुसरी दिशा जास्त वाईट होती.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम लवकर आलो, दार आवाज न करता उघडलं आणि खोलीच्या उंबऱ्यात उभा राहिलो. मेधाची पाठ माझ्याकडे होती. टेबलावर मोबाइल उभा करून ठेवलेला, स्पीकर चालू.

‘यू आर ड्रिफ्टिंग लेफ्ट, आई,’ मोबाइल म्हणाला. ‘राईट फूट.’

ईशान! वर्षभरात पुण्यात राहून पोराचा आवाज एवढा भारदस्त झालाय की मला, बापाला, पॅसेजमधून ओळखता आला नव्हता.

‘देतेय रे, दाबतेय मी,’ मेधा म्हणाली.

‘यू आर नॉट. आई, राईट फूट! राईट फूट!’

तेव्हा मी ते बघितलं. मेधानं स्क्रीनवरून नजर काढली आणि वाकून स्वतःच्या पायाकडे पाहिलं. आपला पाय कुठे आहे हे तिनं डोळ्यांनी शोधलं. तो पेडलावरून घसरून जमिनीवर होता आणि जमीनच दाबत होता.

विमान गवतात गेलं. तिनं मागे वळून पाहिलं.

‘ईशान, बाबा आलाय,’ ती म्हणाली. ‘नंतर बोलू.’

मी पलंगावर बसलो. ती खुर्चीतच होती. तीच बोलायला लागली.

‘बेसमेंटमध्ये गाडी लावत होते. माझा पाय ब्रेकवर होता. म्हणजे मला पक्कं वाटत होतं की ब्रेकवर आहे. तिसऱ्या मजल्यावरची ती छोटी मुलगी आहे ना, सायकल घेऊन खांबाच्या शेजारी उभी होती. मी ब्रेक दाबला आणि गाडी पुढे गेली. अजून जोरात दाबला, अजून पुढे गेली. नातूरनं तिला ओढलं. गाडी खांबाला लागली.’

‘आणि पाय?’

‘ब्रेकवर नव्हताच.’ तिनं दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून मांडीवर घेतला, एखादी परकी वस्तू बघावी तसा बघितला. ‘मला कळलंच नाही रे. घसरला असता तर घसरला म्हटलं असतं. मला खात्री होती. नातूरला मीच सांगितलं, साहेबांना बोलू नकोस.’

‘मला का नाही सांगितलंस?’

ती जराशी हसली. ‘तुला सांगितलं असतं तर तू तपासायला लागला असतास. मला आधी माझं मला तपासायचं होतं. इथे गवतात गेलं तर कुणी मरत नाही.’

‘पण ईशानला सांगितलंस.’

‘तो विचारत नाही जास्त. पेडल कसं दाबायचं तेवढं सांगतो.’

मला लागलं ते. पुढच्याच आठवड्यात तिला घेऊन दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीण बाई केरळच्याच, शांत, हिंदी बोलताना शब्द तोलून बोलायच्या. त्यांनी मेधाला डोळे मिटायला सांगितले, एक लोखंडी चिमटा, ट्यूनिंग फोर्क म्हणतात तो, टेबलावर आपटून झणझणता केला आणि त्याचं टोक तिच्या पायाच्या अंगठ्यावर ठेवलं. ‘जब तक हिल रहा है, हां बोलना.’ डाव्या पायाला ती थोडा वेळ ‘हां’ म्हणत राहिली आणि मध्येच थांबली. उजव्या पायाला गप्प. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. चिमट्याचा बारीक गुणगुणाट मला ऐकू येत होता आणि तो जिच्या हाडावर ठेवला होता तिला जाणवत नव्हता.

‘कब से है?’

‘गणपती से,’ मेधा म्हणाली. मग बाईंना काही कळलं नाही हे बघून, ‘तीन-चार महिने.’

गणपतीपासून! मला एकदम आठवलं. मित्राच्या घरची आरती आटोपून आम्ही खाली गाडीपाशी आलो होतो आणि मेधाच्या एकाच पायात सँडल होती. दुसरी लिफ्टमध्ये राहिली होती. सगळे केवढे हसलो होतो. मीही. रुमाल हरवला तरी ओळखणाऱ्या माझ्या नजरेला त्या अनवाणी पायात काहीही संशयास्पद दिसलं नव्हतं. आणि त्यानंतर सगळा शरद ऋतू, सकाळ-संध्याकाळ, ती त्याच पायानं सहापदरी रस्त्यावर गाडी चालवत होती, शेजारून ट्रेलर जात होते, आणि मी जबल अलीत पेट्यांचे कोपरे तपासत होतो.

साखर तर जुनीच होती. तिच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू होत्या, आणि बाई म्हणाल्या की त्या गोळ्यांनी अंगातलं बी-ट्वेल्व्ह उतरतं, त्यातून तुम्ही शाकाहारी. नसांना दोन्हीकडून मार बसला होता. इंजेक्शनं घ्यायची, साखर आटोक्यात ठेवायची, काही परत येईल, किती येईल ते सांगता येत नाही. बाई होकार देईपर्यंत गाडी बंद. अनवाणी चालायचं नाही. रोज तळवे बघायचे, कारण काही टोचलं तरी तुम्हाला कळणार नाही.

मेधाला स्वतःचे तळवे नीट दिसायचे नाहीत. ते काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी ती सोफ्यावर पाय लांब करायची आणि मी चष्मा लावून बघायचो. टाच, बोटांच्या बेचक्या, अंगठ्याची कड. ‘पास?’ ती विचारायची. ‘पास,’ मी म्हणायचो. संसारात एवढ्या वर्षांत तिचे पाय मी असे कधी बघितले नव्हते. डाव्या घोट्यामागे एक जुना व्रण आहे, तो लहानपणी सायकलच्या साखळीत अडकल्याचा, हे मला पन्नाशीत कळलं.

संशय मात्र गेला नाही. उलट त्याला नवं काम मिळालं. ‘आज बरं वाटतंय, मुंग्या आल्यासारखं होतंय,’ ती म्हणाली की मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचो. खरंच होतंय, की मला बरं वाटावं म्हणून? बाईंचा चिमटा खोटं बोलत नाही, पण तो महिन्यातून एकदा. मधल्या दिवसांत माझ्याकडे तिच्या शब्दाखेरीज काही नव्हतं, आणि तो शब्द एकदा खोटा ठरला होता. तिचंही तसंच. तिचा स्वतःच्या पायावर विश्वास नव्हता. बाथरूममध्ये जाताना पाय जमिनीला टेकलाय का ते ती बघून घ्यायची. मी तिच्यावर संशय घ्यायचो ते फावल्या वेळात, ती पावलोपावली स्वतःवर घेत होती.

विमान चालूच होतं. आता दार उघडं असायचं. मी शेजारी स्टुलावर बसायचो, मोबाइलवर ईशान. फेब्रुवारीत तिनं उजव्या पेडलावरचा एक काथ्या काढला. पुढे दुसराही. एका दुपारी विमान जागेवरून निघालं आणि पिवळ्या रेघेला धरून, सगळी वळणं घेत, धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन थांबलं. एकदाही तिनं खाली पाहिलं नाही.

‘टेक ऑफ, आई?’ ईशाननं विचारलं.

‘नको. आलेय तेवढं पुरे.’

सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या तेव्हा डॉक्टरीण बाईंनी गाडीला होकार दिला. मेधानं दिला नाही. ‘त्या हो म्हणाल्यात. मी अजून म्हटलेलं नाही,’ म्हणाली. ती अजून मेट्रोनंच जाते. आज सकाळीही त्या पांढऱ्या धुक्यात टॅक्सी शोधत गेली आणि मी वरून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.

पण त्या हिवाळ्यातलं मला सगळ्यात स्पष्ट काही आठवत असेल तर ती मार्चमधली एक संध्याकाळ. आम्ही अल ममझरच्या समुद्रावर गेलो होतो. हवा अजून तापली नव्हती, पाणी सपाट, पलीकडे दुबईचे दिवे लागत होते. मेधा पाण्याच्या कडेला थांबली आणि तिनं बूट काढले, मोजे काढले.

‘बाई नको म्हणाल्यात,’ मी म्हणालो.

‘माहितेय.’

ती घोटाभर पाण्यात उभी राहिली. मी मागे, तिचे बूट हातात घेऊन. तिथली वाळू बारीक असते, पण शिंपल्यांचे तुकडे असतात. घरी गेल्यावर कुठे कुठे बघावं लागेल याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. एक छोटी लाट आली, तिच्या पायांवरून वाळूत वर गेली, आणि परत जाऊ लागली. मेधाचे खांदे एकदम ताठ झाले. तिनं दोन्ही हात बाजूला पसरले, तोल जाताना पसरतो तसे. मी पुढे धावलो.

‘थांब, थांब! हात नको लावूस,’ ती म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते. दुसरी लाट आली, गेली. ‘सरकतेय रे,’ ती म्हणाली. ‘पायाखालची वाळू सरकतेय. उजव्याच्यासुद्धा.’

जन्मभर हे शब्द मी घाबरलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले होते. ती ते, एखाद्याला मूल झाल्याचं कळवावं तशा आवाजात सांगत होती. खरंच का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी बूट कोरड्या वाळूत ठेवले, माझेही काढले, आणि तिच्या शेजारी जाऊन पुढच्या लाटेची वाट बघत उभा राहिलो.